रात्री डोळा लागत नाही, दिवसा पेंग सुटत नाही: सुरुवात सकाळपासून करा

"रात्री झोप येऊन नाही राहिली, म्हणून नऊलाच लेटून घेतो." नागपुरात झोपेची तक्रार करणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं आणि बिघाडाची सुरुवातही तिथूनच होते. झोप येत नाही म्हणून माणूस लवकर आडवा होतो आणि दोन-तीन तास कूस बदलत राहतो. सकाळी अंग जड म्हणून उशिरा उठतो, दुपारी जेवून दीड तास ताणून देतो. रात्री पुन्हा तेच.

झोप दोन गोष्टींवर चालते. पहिली म्हणजे जागेपणी तासातासाने साठत जाणारी झोपेची ओढ. दुसरी म्हणजे शरीराचं घड्याळ, जे मुख्यतः सकाळच्या उजेडावर आणि उठण्याच्या वेळेवर लागतं. लवकर आडवं होऊन यातलं काहीच साधत नाही. दुपारच्या लांब झोपेत ओढ खर्च होते आणि रविवारच्या दहापर्यंतच्या लोळण्याने घड्याळ पुढे सरकतं. म्हणून क्रम उलटा हवा. आधी उठण्याची वेळ, मग उजेड, मग दिवसाच्या सवयी, मग खोली, आणि झोपायला जाण्याची वेळ सगळ्यात शेवटी. लोक मात्र गादी बदलण्यापासून आणि दुधात जायफळ उगाळण्यापासून सुरुवात करतात.

## तयारी: एक आठवडा वही

काहीही बदलायच्या आधी सात दिवस फक्त लिहा. अंथरुणाला पाठ कधी टेकली, डोळा अंदाजे कधी लागला, मध्ये किती वेळ जाग होती, सकाळी कधी उठलात, दिवसा किती झोपलात, आणि शेवटचा चहा, कॉफी किंवा खर्रा (तंबाखू-सुपारीची पुडी) कधी झाला. सकाळी उठल्यावर अंदाजानेच लिहायचं. रात्री घड्याळ पाहायचं नाही.

एक पान असं दिसतं: पावणेदहाला आडवा. डोळा बाराच्या सुमारास लागला. तीनला लाइन गेली, तासभर जागाच. सव्वासहाला उठलो. दुपारी दीड ते तीन झोप. शेवटचा चहा संध्याकाळी साडेसहाला.

आता हिशेब करा. अंथरुणात साडेआठ तास, रात्रीची झोप सव्वापाच तास, दुपारची दीड तास. म्हणजे "मला झोपच नाही" म्हणणाऱ्या या माणसाला चोवीस तासांत पावणेसात तास झोप मिळते आहे. ती दोन तुकड्यांत विखुरली आहे आणि उरलेला वेळ अंथरुणात चिडण्यात जातो आहे. वही नसेल तर हे कधीच दिसत नाही.

तपासा: आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री हा त्रास होतो का? तीन महिन्यांपासून आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर तो जुनाट निद्रानाश समजा. खालचे टप्पे सुरू करा, पण डॉक्टरांनाही दाखवा.

## टप्पा १: आजार असेल तर आधी तो पाहा

हा टप्पा गाळून लोक महिनोन्‌महिने सवयी बदलत बसतात. दुपारी शांत बसल्यावर तुमची मान खरंच पडते की अंग गळून गेलेलं असूनही आडवं झाल्यावर झोप येत नाही, एवढं आधी ठरवा. मान पडत असेल तर झोप अपुरी आहे किंवा रात्री तुकड्यातुकड्यांत मोडते आहे. नुसतं गळून गेल्यासारखं असेल तर रक्त कमी असणं, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, साखर किंवा नैराश्य यांचा विचार करावा लागतो. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ आणि साखर या साध्या तपासण्यांनी बराच उलगडा होतो. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण लक्षणीय आहे. घरात कुणाला सिकलसेल असेल, लहानपणापासून थकवा येत असेल किंवा हाडं-सांधे ठणकत असतील तर ती तपासणी करूनच घ्या.

मान पडणाऱ्यांनी घरच्यांना विचारावं, "मी घोरतो का? घोरता घोरता श्वास थांबतो का?" हा प्रश्न बायकोला, नवऱ्याला किंवा आईलाच विचारावा लागतो, कारण झोपणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही. सोबत सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर झोपेत श्वास अडण्याचा आजार असू शकतो. त्यावर रात्रभराची झोपेची तपासणी आणि उपचार आहेत. या आजारात कितीही तास झोपलात तरी दिवसा पेंग येते, त्यामुळे सवयींचा कोणताही टप्पा एकट्याने पुरत नाही.

रात्री आडवं झाल्यावर पोटऱ्यांत वळवळ होते आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, अशीही काहींची तक्रार असते. अनेकदा त्यामागे लोहाची कमतरता असते. डॉक्टरांना फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगा.

सावधान: गाडी चालवताना किंवा यंत्रावर उभ्या उभ्या डुलकी लागत असेल तर पुढचं वाचणं बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. तोवर रात्रीचा प्रवास बंद.

## टप्पा २: उठण्याची एकच वेळ

सोमवार असो, रविवार असो, पाहुणे आलेले असोत किंवा रात्री तीनपर्यंत डोळा लागला नसो, उठायचं एकाच वेळी. समजा सहाला. पहिले चार-पाच दिवस हाल होतात. ते होणारच, कारण त्या थकव्यातूनच रात्रीची ओढ तयार होते.

सगळ्यात जास्त लोक इथेच ढेपाळतात. "काल झोप झाली नाही, आज आठपर्यंत झोपू द्या" म्हटलं की त्या रात्री झोप दोन तास पुढे जाते आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. आपल्याकडे आई दार लोटून घेते, "झोपू द्या त्याला, रात्रभर जागा होता." त्या मायेला या दोन आठवड्यांपुरतं थांबवायला हवं.

वेळ निवडताना महिनाही पाहा. मे महिन्यात नागपुरात साडेपाचच्या पुढेमागे सूर्य उगवतो, जानेवारीत पावणेसातच्याही नंतर. उन्हाळ्यात साडेपाच-सहा सहज जमतं. डिसेंबरमध्ये नव्याने सुरुवात करत असाल तर साडेसहा ठेवा, नाहीतर अंधारात उठून पुन्हा पांघरुणात शिरण्याचा मोह आवरत नाही.

## टप्पा ३: उठल्यावर बाहेरचा उजेड

उठल्यापासून तासाभरात वीस-तीस मिनिटं उघड्यावर. अंबाझरी, सेमिनरी हिल्स किंवा तेलंगखेडीला जाणं जमलं तर छानच, पण गच्ची किंवा अंगणही चालतं. खिडकीतून आत येणारा उजेड बाहेरच्या मानाने फार कमी असतो, त्यामुळे खिडकीशी पेपर वाचत बसणं पुरेसं नाही. ढगाळ दिवशीही बाहेरच जा. सूर्याकडे थेट पाहायचं नाही. एप्रिल-मेमध्ये हे काम सात वाजायच्या आत उरका, नंतरचं ऊन दिवसभराचा थकवा घेऊन येतं.

पहिला चहा बाहेरच घेतला तर दोन्ही कामं होतात.

## टप्पा ४: दिवस कसा काढायचा

दुपारची झोप. पहिले दोन आठवडे पूर्ण बंद. अपवाद वाहन चालवणाऱ्यांचा, यंत्रावर काम करणाऱ्यांचा, आजारी माणसांचा आणि पंचेचाळीस अंशांच्या दुपारी घरात अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांचा. त्यांनी आणि दोन आठवड्यांनंतर बाकीच्यांनी गजर लावून वीस मिनिटं, तीही तीनच्या आत. खुर्चीत किंवा सतरंजीवर, गादीवर नाही. पाऊण-एक तास झाला की माणूस गाढ झोपेतून उठतो आणि डोकं आणखी जड होतं. मग त्यावर चहा येतो.

चहा-कॉफी. शरीरात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. संध्याकाळी सहाला ऑफिस सुटल्यावर टपरीवर घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन अकराला अंगात असतं. शेवटचा कप दुपारी दोनला. "मला चहाने काही होत नाही, चहा पिऊनही झोप लागते" असं म्हणणाऱ्यांची झोप लागते खरी, पण उथळ राहते. अचानक पाचवरून शून्यावर येऊ नका, डोकं ठणकेल. दर दोन-तीन दिवसांनी शेवटचा एक कप कमी करा.

खर्रा. हे लिहिलंच पाहिजे, कारण नागपुरात झोपेवरचा कोणताही सल्ला खर्रा टाळून पुरा होत नाही. जेवणानंतर गालात ठेवलेली पुडी झोपेपर्यंत तशीच असते, काहींची तर झोपेतही. तंबाखूतलं निकोटिन जागं ठेवणारं द्रव्य आहे आणि सुपारीही उत्तेजकच. खाल्ल्यावर शांत वाटतं ते तलफ भागल्यामुळे. सोडता आला तर उत्तम, तोंडाच्या कर्करोगाचं कारण एकटंच पुरेसं आहे. आज सोडणं जमत नसेल तर निदान संध्याकाळी सातनंतर नाही.

दारू. तिने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते आणि घोरणं वाढतं. झोपेचं औषध म्हणून ती कधीच घेऊ नये.

दोन ते चारची पेंग निरोगी माणसालाही येते, घड्याळाचाच तो एक उतार आहे. भाताचं भरपेट जेवण तिला वाढवतं. दुपारी भात थोडा कमी, वरण-भाजी जास्त, जेवून दहा मिनिटं सावलीत चालणं आणि बैठं काम असेल तर किचकट काम सकाळी. उन्हाळ्यात बराच थकवा पाण्याच्या कमतरतेचा असतो. लघवी गडद पिवळी होत असेल तर चहाऐवजी ताक, पन्हं किंवा मीठ-साखर-लिंबाचं पाणी घ्या. रक्तदाब, साखर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मीठ-साखर डॉक्टरांना विचारून.

तपासा: हे चार टप्पे दहा दिवस नीट पाळल्यावर संध्याकाळी आठ-नऊला खरी झोप येऊ लागते. ही चांगली खूण आहे. त्या वेळी आडवं व्हायचं नाही. उठून भांडी लावा, फेरी मारा, शेजारी बोलायला जा.

## टप्पा ५: खोली आणि कूलर

झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. भर उन्हाळ्यात, विशेषतः नवतपात (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत), जेव्हा रात्रीही पारा तिशीच्या आसपास रेंगाळतो, तेव्हा अंग थंड होत नाही आणि झोप लागत नाही. एसी असेल तर तो पंचवीस-सव्वीसवर ठेवून पंखा हळू लावा. बहुतेक घरांत कूलरच आहे आणि तोच चुकीचा वापरला जातो.

कूलर खिडकीत, तोंड आत आणि पाठ बाहेर. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच ओली हवा फिरवत राहतो. समोरची खिडकी किंवा दार चांगलं वीतभर उघडं हवं, म्हणजे आत आलेली हवा बाहेर पडेल. "थंडावा बाहेर जातो" म्हणून सगळं बंद केलं की तासाभरात अंग चिकट होतं, चादर ओलसर लागते, आणि लोक म्हणतात कूलर मारून नाही राहिला. आधी पंप सुरू करून गवत भिजू द्या, दहा-पंधरा मिनिटांनी पंखा. वाऱ्याचा झोत थेट अंगावर न घेता भिंतीवर घ्या, आणि पहाटेसाठी पायथ्याशी एक चादर ठेवा.

टाकी झोपायच्या आधी काठोकाठ भरा. मध्यम टाकी पहाटेपर्यंत पुरत नाही. मग तीनच्या सुमारास पंपाचा आवाज बदलतो, गवत सुकतं, गरम वारा यायला लागतो आणि माणूस जागा होतो. त्याला वाटतं आपली झोप आपोआप मोडली. रोज ठरावीक वेळी जाग येत असेल तर वहीत त्या वेळेसमोर टाकीत पाणी होतं का ते लिहा. नळाला जोडलेला फ्लोट बसवला की हा प्रश्न मिटतो.

सावधान: पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग बाहेर काढा. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून चालू कूलरच्या पत्र्याला हात लावणं जीवावर बेतू शकतं. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला तपासून घ्या. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करा. डेंग्यूचा डास याच पाण्यात वाढतो.

मृगाचा पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली की कूलरचा पंप बंद, नुसता पंखा. ओल्या हवेत पाणी उडवून थंडावा येत नाही.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा खरा शत्रू स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. दिवसा खिडक्या आणि पडदे बंद, सूर्य मावळल्यावर सगळं उघडं. पाण्याची चणचण नसेल तर गच्चीवर एक शिडकावा. गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग लावला तर दरवर्षीचा फरक पडतो. गच्चीवर झोपायचं असेल तर मच्छरदाणी लावा आणि पहाटेच्या उजेडासाठी डोळ्यांवर कापड घ्या.

आंघोळ झोपण्याच्या तास-दीड तास आधी, कोमट पाण्याने. गार पाण्याने आकसलेली कातडी उष्णता बाहेर सोडत नाही. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी संध्याकाळी कोमट असतंच, तेच वापरा.

हिवाळ्यात उलटी चूक होते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही झोपू नका. तिच्या वायूने झोपेतच माणसं दगावतात.

लग्नसराईत वरातींच्या आवाजाला कानातले बोळे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, अती झालं तर ११२ वर सांगता येतं.

## टप्पा ६: जेवणापासून अंथरुणापर्यंत

जेवण आणि झोप यांत किमान दोन-अडीच तास. साडेदहाला सावजी रस्सा ओरपून साडेअकराला आडवं झालं की जळजळ होणारच. सावजी खायचंच असेल तर दुपारी, किंवा रात्री आठच्या आत. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी डाव्या कुशीवर झोपावं आणि पलंगाचा डोक्याकडचा भाग थोडा उंच करावा.

झोपण्याच्या तासभर आधी मोठा दिवा मालवून छोटा लावा. मोबाइलचा उजेड त्रास देतो, पण मला त्याहून वाईट वाटतं ते त्यात जे वाचलं जातं ते: कुटुंबाच्या ग्रुपवरचा वाद, ऑफिसचा मेसेज, शेअरचा भाव. चार्जर दुसऱ्या खोलीत किंवा ओट्यावर ठेवा आणि गजरासाठी साधं घड्याळ घ्या.

डोक्यात उद्याची कामं फिरत असतील तर संध्याकाळीच दहा मिनिटं कागदावर काढा: हप्ता भरायचा, मुलाची फी, साहेबांना फोन. प्रत्येकासमोर पहिलं पाऊल कधी, एवढंच लिहा.

## टप्पा ७: वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर

उठा. वीस मिनिटं अंदाजाने, घड्याळ पाहून नाही. अंधुक उजेडात खुर्चीत बसा, कपड्यांच्या घड्या घाला, जुनं मासिक चाळा, जप करा. पापण्या जड झाल्या की परत. पुन्हा झोप लागली नाही तर पुन्हा उठा. एका रात्रीत तीन-चारदा उठावं लागलं तरी चालेल. अंथरूण म्हणजे जागरण, अशी शरीराला लागलेली सवय याने मोडते.

"आमच्या एका खोलीत पाच जण झोपतात, उठून जाऊ कुठे?" हा प्रश्न रास्त आहे. दाराजवळ एक खुर्ची किंवा स्वयंपाकघरातला पाट आधीच ठरवून ठेवा. तेही शक्य नसेल तर अंथरुणाच्या पायथ्याशी, भिंतीला टेकून उठून बसा. महत्त्वाचं एवढंच, की झोपायच्या जागेवर जागं आडवं राहायचं नाही. याच कारणाने पलंगावर बसून जेवणं, टीव्ही, अभ्यास हेही बंद.

## टप्पा ८: अंथरुणातले तास कमी करणं

आता झोपायची वेळ. वहीवरून रात्रीच्या खऱ्या झोपेची सरासरी काढा आणि तेवढेच तास, अधिक अर्धा तास, अंथरुणात राहा. सरासरी साडेपाच असेल तर सहा तास. उठायची वेळ सहा ठरली असेल तर बाराच्या आधी आडवं व्हायचं नाही. सरासरी कितीही कमी असली तरी साडेपाच तासांखाली जाऊ नका.

दर आठवड्याला हिशेब करा. अंथरुणातल्या वेळापैकी शेकडा नव्वदच्या आसपास झोप होत असेल तर झोपायची वेळ पंधरा मिनिटं आधी आणा. पंच्याऐंशीपेक्षा कमी असेल तर आहे तिथेच थांबा. अशी चढत चढत बहुतेक माणसं सात तासांच्या आसपास स्थिरावतात. सहा ते आठ आठवडे धरून चाला. दुसऱ्या आठवड्यात सोडणारे खूप, कारण तेव्हाच थकवा सर्वांत जास्त असतो.

सावधान: अपस्मार (फिट येणं), द्विध्रुवीय (बायपोलर) आजार, झोपेत चालण्याची सवय, गरोदरपण, किंवा ट्रक, बस, क्रेन चालवण्याचं काम असेल तर हा टप्पा स्वतःच्या मनाने करू नका. समृद्धी महामार्गाने रात्री निघणारेही या काळात प्रवास टाळा. सरळ, रिकामा रस्ता आणि पहाटे दोन ते पाचची वेळ धोक्याची आहे. डोळे मिटू लागले तर काच खाली करून किंवा गाणी लावून भागत नाही. सुरक्षित थांब्यावर गाडी लावा, कॉफी घ्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा. जाग येईपर्यंत कॉफीचाही परिणाम सुरू होतो.

## रात्रपाळी असेल तर

बुटीबोरी, हिंगणा किंवा मिहानमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांना वरचा क्रम जसाच्या तसा लागू होत नाही. पाळीवर जाण्याआधी संध्याकाळी दीड तास झोपा. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या निम्म्या वेळातच. सकाळी घरी परतताना गडद चष्मा लावा, पण गाडीवर खरंच पेंग येत असेल तर चष्मा नको, कुणाच्या तरी मागे बसून या. घरी हलकं खाऊन सरळ अंथरूण. खिडकीला जाड चादर किंवा काळा कागद, मोबाइल बंद, आणि दाराची बेल काढून ठेवलेली. कुकरच्या शिट्ट्या आणि कामवालीची वेळ घरच्यांशी बोलून बदला. सुट्टीच्या दिवशी पूर्ण दिवसपाळीवर उडी मारू नका. पहाटे दोन-तीनपर्यंत जागून सकाळी दहापर्यंत झोपलात तर दोन्हीकडचे निदान काही तास रोज सारखे राहतात.

## गोळ्या आणि डॉक्टर

शेजाऱ्याच्या डब्यातली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम घेऊ नका. सवय लागते, डोस वाढतो, म्हाताऱ्या माणसांचा रात्री तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं. दारूसोबत किंवा श्वास अडण्याच्या आजारात त्या धोकादायक आहेत. महिनोन्‌महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टर थोडी थोडी कमी करत आणतात. मन सतत उदास, पहाटे तीनला जाग, जगण्यात रस नाही, असं दोन आठवडे चाललं तर वाट पाहू नका. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मोफत बोलता येतं. शासकीय मेडिकल, मेयो आणि एम्सला मानसोपचार विभाग आहेत.

जाताना वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि त्याच खोलीत झोपणारं घरातलं माणूस सोबत न्या. घोरण्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं त्यालाच द्यावी लागतील.